झोपायचं कुठे, बुडायचं कुठे

मालदीवला डायव्हिंगला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात माशांबद्दल चकार शब्द निघाला नाही. वाद पेटला तो अंथरुणावरून. बायकोला लाइव्हअबोर्ड हवी होती, म्हणजे बोटीतच खायचं, बोटीतच झोपायचं आणि तिथूनच पाण्यात पडायचं. मी गेस्टहाउसच्या बाजूचा. वस्तीच्या बेटांवर पर्यटकांना राहू द्यायला मालदीव सरकारने 2009च्या सुमारास सुरुवात केली, ती माझ्यासारख्यांची कणव येऊनच, असं माझं ठाम मत आहे. त्याआधी रिसॉर्टचं बिल भरा नाहीतर बोटीत डुलत राहा, एवढीच सोय होती.

मेव्हण्याला पंच नेमलं. मालवणला प्रशिक्षकाने मानगूट धरून त्याला एकदा पाण्याखालून फिरवून आणलं, तेव्हापासून तो कुस्तोच्या थाटात बोलतो. त्याने हिशोब मांडला: बोटीचा आकडा बघून घेरी येते, पण त्यात खोली, जेवण आणि रोजच्या दोन-तीन डाइव्ह धरलेल्या असतात. बेटावर खोली स्वस्त, मग प्रत्येक डाइव्हचे वेगळे, भाड्याच्या सामानाचे वेगळे, लांबच्या रीफला न्यायचे आणखी वेगळे. "आणि रात्री बोट हलत नाही," बायकोने जोडलं. हे खरं निघालं. प्रवाळांच्या भीतीने तिथल्या सफारी बोटी अंधारात सहसा प्रवास करत नाहीत, आडोशाला नांगर टाकून पडून असतात. माझा शेवटचा मुद्दा तिथेच बुडाला.

बोटीवर पहाटे घंटा होते. डोळे चोळत ब्रीफिंगला जावं, तर फळ्यावर प्रवाहाचे बाण. मग वेटसूट. तो कालपासून वाळलेला नसतो, वाळणारही नसतो. गार, खारट, ओलं रबर उपाशीपोटी मांडीवरून वर चढवणाऱ्या माणसाचा फोटो कुठल्याही माहितीपत्रकात मला दिसलेला नाही. टाक्या आणि कॉम्प्रेसर धोनी नावाच्या वेगळ्या होडीवर. ती आपली पाठ सोडत नाही. डाइव्ह, नाश्ता, घंटा. डाइव्ह, जेवण, घंटा. संध्याकाळी एक जर्मन काका नखाएवढ्या समुद्री गोगलगाईंचे फोटो दाखवत. गावात असतो तर गल्ली बदलली असती.

पण अटोलच्या कडेला ज्या खिंडी असतात, त्यांतून भरतीचं पाणी आत घुसतं आणि तोंडाशी करडे शार्क निवांत तरंगत असतात. खडकाला आकडा अडकवून आपण आडवे फडफडत बघायचं. तिथे मी गेस्टहाउसचं नाव काढलं नाही. (बऱ्याच बोटी अ‍ॅडव्हान्स्ड प्रमाणपत्र का मागतात, तेही तिथेच कळतं.) वावू अटोलमध्ये अलिमाथाच्या जेटीपाशी रात्री नर्स शार्क जमतात. आम्ही उतरलो तेव्हा इतर बोटींची माणसंही जमली होती, त्यामुळे शार्क कमी आणि टॉर्च जास्त. सहाच्या सुमाराला दादरच्या पुलावर माणूस ज्या चेहऱ्याने वाट काढतो, त्याच चेहऱ्याने एक शार्क बायको आणि जर्मन काकांच्या मधून गेला.

उरलेले दिवस दक्षिण आरीतल्या दिगुरा बेटावर, असा तह झाला होता. नाश्त्याला मस-हुनी: टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि पातळ पोळ्या. बिअर नाही, ती बोटीवर मिळायची, वस्तीच्या बेटावर दारू चालत नाही. बेटाची खरी चैन नकार देण्यात आहे. कान दडला, नाक गळलं, नुसता कंटाळा आला, तरी आदल्या दिवशी सांगून झोपून राहावं. त्या डाइव्हचे पैसे पडत नाहीत. बोटीत सर्दी झाली, की पैसे भरलेल्या डाइव्ह दुसरे करून येताना डेकवर शिंकत बघायचं. विमानाआधी निदान 18 तास पाण्यात उतरायचं नसतं. तो कोरडा दिवस बोटीवर एकमेकांची तोंडं बघण्यात जातो, बेटावर झोपाळ्यात.

दिगुराजवळच्या रीफवर व्हेल शार्क बारा महिने फिरतात. ज्या सकाळी मी नकाराची चैन केली, त्या सकाळी तो आला. जेवताना बायकोने त्याची लांबी सांगितली. रात्रीच्या जेवणापर्यंत तो आणखी वाढला होता.

पुढची सहल तिनेच ठरवली आहे. फुवामुला बेट, राहायला गेस्टहाउस. टायगर शार्क तिथे बंदराच्या अगदी बाहेरच भेटतात, त्यामुळे बोटीत मुक्काम करायची गरजच नाही.

"बघ," ती म्हणाली, "शेवटी तुझंच ऐकलं की नाही?"