डिफ्यूझरपंत

पुण्याच्या बोहरी आळीत एखादा गृहस्थ प्लास्टिकच्या डब्याचं झाकण उन्हाकडे धरून, एक डोळा मिटून आरपार बघताना दिसला, तर तो डब्याची मजबुती तपासतोय असं समजू नका. त्याला डबा नकोच आहे. डब्यातून उजेड किती येतो आणि कसा पसरतो, एवढंच त्याला बघायचंय. दुकानदार कौतुकाने सांगतो, "साहेब, मायक्रोवेव्हलाही चालेल." साहेब विचारतात, "पण मधोमध डाग दिसेल का हो उजेडाचा?" दुकानदार निमूटपणे पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

हे डिफ्यूझरपंत. आठवडाभर बँकेत, शनिवार-रविवार झुडपात. छंद मॅक्रो फोटोग्राफीचा, म्हणजे मुंग्या, कोळी, भुंगे यांचे फोटो काढण्याचा. इवल्याशा जिवाचा फोटो इतक्या जवळून काढायचा तर लेन्सचं छिद्र एफ ११ पर्यंत बारीक करावं लागतं, आणि तरीही फोकसमध्ये येतो तो जेमतेम मिलिमीटरभर भाग. छिद्र बारीक केलं की आत अंधार, म्हणून फ्लॅश. उघडा फ्लॅश मारला की भुंग्याच्या चकचकीत पाठीवर पांढराफटक ठिपका, बाकी सगळं काळंकुट्ट. यावर इलाज एकच: उजेडाचा उगम किड्याच्या मानाने मोठा करायचा आणि होता होईल तितका जवळ आणायचा. आषाढातल्या ढगाळ दुपारी सावल्या पुसट होतात, तसं एक खासगी आभाळ त्या भुंग्याच्या डोक्यावर धरायचं. इथवर पंतांचं काही चुकत नाही. भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूला आहे, घरचे नाहीत.

असं आभाळ धरणारे, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवणारे, तयार डिफ्यूझर बाजारात मिळतात. पण लेन्ससाठी साठ-सत्तर हजार मोजताना न थरथरलेला पंतांचा हात तीन हजारांच्या डिफ्यूझरपाशी अडतो. "त्यात आहे काय? प्लास्टिकच ना!" मग ग्लू गन येते, वेल्क्रो येतं, काळी टेप येते, अप्पा बळवंत चौकातून ट्रेसिंग पेपर येतो, आणि तीन हजार कधीच मागे पडतात. श्रीखंडाच्या डब्यावरची छपाई फोटोत रंग टाकते असा त्यांचा शोध असल्यामुळे ती पुसायला लेकीचं नेलपॉलिश रिमूव्हर जातं. वहिनींचं म्हणणं साधं आहे: "अहो, निदान श्रीखंड संपू तरी द्या!"

पंतांच्या कारकिर्दीत अनेक युगं होऊन गेली. बटर पेपरचं युग आंबोलीच्या पावसात एका रात्रीत विरघळलं. थर्माकोलच्या युगात सरकार आडवं आलं. २०१८ साली ताटवाट्या आणि मखरं यांच्यावर बंदी आली, तेव्हा रोख आपल्यावरच आहे अशी पंतांची खात्री झाली. पुढे नव्या टीव्हीच्या खोक्यातली फोमची शीट सापडली (टीव्ही कसा आहे हे त्यांना अजून सांगता येत नाही), आणि सध्या एलईडी पॅनलमधल्या पांढऱ्या शीटचं युग चालू आहे. सोसायटीच्या लिफ्टमध्ये ते छताकडे टक लावून उभे असतात. सेक्रेटरींनी तिथल्या दिव्याला दोन स्क्रू जास्तीचे मारून घेतले आहेत.

ताम्हिणीच्या वाटेवर दोन पंत समोरासमोर आले की ऐकत राहावं. काय मिळालं, कुठे मिळालं, हा विषयच नाही.

"आत काय लावलंय?"

"फोम. एक एमएम."

"एकच थर?"

"दोन. मध्ये बोटभर फट."

"फटीने फरक पडतो?"

"पडतो म्हणजे! पहिल्या थरावर उजेड पसरतो, दुसऱ्यावर सपाट होतो."

"पण फ्लॅशची ताकद वाढवावी लागत असेल."

"सेल खातो मेला."

हा संवाद चालू असताना हातभर अंतरावर एक खंडोबाचा किडा दोघांकडे मान वळवून बघत असतो. त्याचा फोटो कोणीच काढत नाही.

खरी गंमत फोटो बघताना. ठाण्यात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका जातीला २०२१ मध्ये हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं, आयसियस तुकारामी. तेव्हापासून पंतांना या कोळ्यांचा विशेष लळा. आठ डोळे, त्यातले समोरचे दोन भलेमोठे आणि काचेसारखे. आपण म्हणावं, "वा, काय रुबाबदार कोळी आहे!" पंत खट्टू होतात. "कोळ्याचं सोडा हो. डोळ्यात बघा!" फोटो मोठा करत करत ते त्या डोळ्यात शिरतात. तिथे त्यांच्याच डब्याचं प्रतिबिंब असतं. "कड बघा, कशी अलगद विरलीय!" आपण ज्याला कोळी समजत होतो, तो पंतांच्या लेखी आठ आरशांचा एक संच असतो.

एका बाबतीत मात्र पंतांना हसून सोडून देता येत नाही. आंबोलीच्या सड्यांवरचा टोड ही नवी जात म्हणून २००९ मध्ये नोंदली गेली, आणि ती अतिसंकटग्रस्त आहे. जुलैच्या रात्री त्या एका जिवाभोवती पाच-सहा पंत आपापली आभाळं घेऊन बसतात, आणि उजेड "नीट पडावा" म्हणून कोणीतरी काडीने त्याला सरकवतो. हे वाईट आहे. त्याला हात लावू नये, आणि दोन-चार फोटोंत आवरतं घ्यावं.

एरवी पंतांचे फोटो उत्तम येतात, आणि विकतच्या डिफ्यूझरवाल्यांपेक्षा उणे तर मुळीच नसतात. तुम्हालाही असा डिफ्यूझर करून बघायचा असेल तर त्यांचं प्रमाण देतो. श्रीखंडाचा अर्धा किलोचा पांढरा डबा, बुडाला लेन्सच्या मापाचं भोक, आतून फोमची शीट, फ्लॅशचा मारा वरच्या बाजूने. पाव किलोचा घेऊ नका, लहान पडतो.