समचरण नव्हे

उत्तम नर्तक कोणास म्हणावे, असा प्रश्न क्यूबातील एखाद्या वयोवृद्ध गृहस्थास विचारला असता तो गिरक्यांच्या संख्येचा उल्लेखही न करता, ज्याला नाचायला एक वीट पुरते तो, असे उत्तर देण्याचा संभव असतो. आणि ज्याच्या दैवताने अठ्ठावीस युगे एका विटेवर काढली त्या मराठी माणसास हे ऐकून, परमुलखात अवचित कोणी गाववाला भेटावा तसा आनंद झाला, तर त्यात नवल नाही. हा आनंद पहिल्या धड्यापर्यंतच टिकतो. कारण समचरण उभे राहण्याची मुभा फक्त पांडुरंगास आहे. साल्सा या नावाने जगभर फिरणारे आणि हवानात कासिनो म्हणून ओळखले जाणारे जे जोडीनृत्य, त्यात देहाचा सगळा भार एका वेळी एकाच पायावर टाकून दुसरा पाय संपूर्ण निर्भार ठेवावा लागतो, म्हणजे पुढच्या मात्रेला कोणी उठायचे याविषयी पायापायांत तंटा उरत नाही. आम्ही मध्यमवर्गीय माणसे जन्मभर दोन्ही डगरींवर पाय ठेवून जगलेली; नोकरीत, राजकारणात आणि भाऊबंदकीत आपला भार नक्की कोणत्या बाजूस आहे याचा थांगपत्ता आम्ही कोणास लागू दिलेला नाही; तेव्हा एक पाय असा उघड उघड मोकळा सोडण्याच्या कल्पनेनेच आम्हास घाम फुटतो.

विटेची ही कसोटी दान्सोन या जुन्या नृत्यप्रकाराच्या काळची. माटान्सास शहरी १ जानेवारी १८७९ रोजी मिगेल फाइल्दे यांच्या वाद्यवृंदाने तो प्रथम वाजवला असे मानतात. पुढे पूर्वेकडील ओरिएन्ते प्रांतातून सोन नावाचा प्रकार हवानात उतरला, आणि १९५०च्या दशकात कासिनो देपोर्तिवो या क्लबात तरुण मंडळी ज्या रीतीने नाचू लागली, त्या रीतीस क्लबाचेच नाव चिकटले. साल्सा हे नाव न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात नंतर रूढ झाले. त्याबद्दल जुनी हवानाकर मंडळी अजूनही आपली कैफियत मांडतात, आणि ती ऐकण्यात संध्याकाळ बरी जाते. न्यूयॉर्कची जोडी एका सरळ रेषेत येजा करते, हवानाची जोडी एकमेकांभोवती फिरते, एवढा फरक वाचकांनी ध्यानात ठेवला म्हणजे पुरे.

पायांचा जाबता तसा लहान आहे. आठ मात्रांपैकी पहिल्या तिन्हींवर एकेक पाऊल, चौथी रिकामी. पाचव्या, सहाव्या, सातव्यावर पुन्हा एकेक, आठवी रिकामी. केरव्यावर वाढलेल्या कानास आठ मात्रांचे अप्रूप नाही. घोटाळा होतो तो त्या दोन रिकाम्या जागी, कारण तेथे काहीच करायचे नसते, आणि काहीही न करण्याचा सराव ज्यांनी सरकारी दप्तरात उभा जन्म केला त्यांचीही नेमकी तेथेच तारांबळ उडते. कटीच्या त्या सुप्रसिद्ध आंदोलनाविषयीही असाच गैरसमज आहे. नवशिका मनुष्य कंबर स्वतंत्रपणे हलवू पाहतो आणि प्रेक्षकांस त्याच्या प्रकृतीची काळजी वाटू लागते. वस्तुतः कंबर हे स्वतंत्र खाते नसून गुडघ्याच्या ताब्यातील पोटखाते आहे: वाकलेल्या गुडघ्याने पाऊल टाकावे, भार आल्यावर गुडघा सरळ व्हावा, म्हणजे त्या बाजूची कंबर आपोआप वर येते आणि तिला निराळा हुकूम द्यावा लागत नाही.

पण खरी मेख पावलाच्या लांबीत आहे. ग्वापेआ या पायाभूत प्रकारात पुरुष पहिल्या मात्रेस डावा पाय मागे नेतो. हा पाय वीतभर मागे गेला तर समोरच्या स्त्रीला फक्त एक सौम्य सूचना पोचते; हातभर गेला तर तिचा खांदा हिसकला जातो आणि सूचनेची जप्ती होते. हुकूम मात्रेच्या किंचित आधी, उघड्या तळव्यातून आणि कोपर थोडे वाकवून पोचवायचा असतो. अंगठ्याने मनगट आवळणाऱ्यास माझ्या मते नृत्यगृहात प्रवेशच नसावा.

समोरच्याच्या पायांशी असे जुळवून घेण्याच्या बाबतीत एन्रिके होरिन या संगीतकाराचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. आडतालातील आघातांवर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात हे व्यासपीठावरून पाहून त्याने लोकांना दोष देण्याऐवजी आपल्याच चालींत फेरफार केला. १९५३ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ‘ला एन्गान्यादोरा’ या गीताने तो प्रकार लोकप्रिय झाला, आणि जमिनीवर घासणाऱ्या पावलांच्या आवाजावरून त्याला चा-चा-चा हे नाव पडले. जेथे खुद्द संगीत नर्तकांच्या पायांशी तडजोड करते, तेथे एका नर्तकाने दुसऱ्याशी करण्यास हरकत कसली?

या तडजोडीची सक्ती पाहायची तर रुएदा पाहावी. जोड्या वर्तुळात उभ्या राहतात, एक जण आरोळी देऊन फर्माने काढतो, आणि ‘दामे’ हा शब्द उच्चारला जाताच प्रत्येक पुरुषाच्या वाट्यास शेजारची स्त्री येते. या बदलीविरुद्ध अर्ज नाही, अपील नाही. मध्य हवानातील एका चाळवजा वाड्याच्या चौकात मी अशी रुएदा पाहत होतो. तेथील जुन्या नक्षीदार फरशा इतक्या उंचसखल झाल्या होत्या की अंगण वाकडे असल्याची सबब प्रथमच कायदेशीर ठरावी, आणि ती कोणीच सांगत नव्हते. पांढरा ग्वायाबेरा सदरा घातलेल्या एका म्हाताऱ्याकडे माझे लक्ष लागले. उंच टाचांच्या एका चपळ तरुणीबरोबर तो होता तेव्हा त्याची पावले झपाझप पडत होती. पुढच्या आरोळीस त्याच्या वाट्यास सपाता घातलेल्या, गुडघे धरलेल्या एक स्थूल आजीबाई आल्या. तत्क्षणी त्याचे पाऊल निम्म्याने आखडले, फिरवण्याच्या जागी तो स्वतःच त्यांच्याभोवती फिरला, आणि आजीबाईंना आपण विशीत असल्याचा भास झाला असावा असे त्यांच्या हसण्यावरून दिसले. त्यानंतर मोठ्याने आकडे मोजणारी एक परदेशी पाहुणी आली. ती अर्धी मात्रा मागे होती. तिची चूक तिच्या कानी न घालता त्याने साधे पाऊल चालू ठेवले, तळव्याचा दाब जरा वाढवला, आणि दोन आवर्तनांत ती तालावर रुजू झाली. या सर्व काळात त्याचे जोडे एका फरशीच्या कडेबाहेर गेल्याचे मला दिसले नाही.

त्याच वर्तुळात एक सुदृढ तरुण होता. त्याने सोम्ब्रेरो, सेतेन्ता या आकृत्या आणि त्यांचे जटिल पोटभेद वहीत टिपून आणले होते व समोर कोण आहे याची चौकशी न करता तो ते अनुक्रमे बजावीत होता. प्रत्येक जोडीदारणीचा हात पिरगळून झाल्यावर तो तिच्याकडे अशा नजरेने पाही, जणू कसूर तिचीच. रुएदेत बदलीचा हुकूम असल्यामुळे त्याला जोडीदारीण मिळत राहिली. पुढे रुएदा बरखास्त होऊन मोकळे नृत्य सुरू झाले तेव्हा तो भिंतीशी उभा होता आणि म्हाताऱ्यासमोर रांग होती.

वाचकांपैकी कोणी हवानास निघणार असतील, किंवा पुण्यामुंबईतल्या वर्गात नाव घालणार असतील, त्यांना माझी विनंती एवढीच की आकृत्यांची वही घरी ठेवावी आणि रबरी तळाचे बूट मुळीच नेऊ नयेत. ते फरशीला चिकटून बसतात, पाऊल वळत नाही, आणि सगळा पीळ गुडघ्यास बसतो. चामडी तळाचे जोडे न्यावेत.