परवानाधारक

मुखेडच्या तहसील कचेरीसमोरील हॉटेलात सकाळी दहाच्या सुमारास जे गृहस्थ पिवळ्या पडलेल्या कागदांची पिशवी मांडीवर घेऊन, दुसऱ्याने मागविलेल्या चहावर पहिला हक्क आपला असल्याच्या मुद्रेने बसलेले आढळतात, ते जुन्या वतनदार घराण्यातील असून त्यांच्यापाशी बंदूक आहे, हे कोणी न सांगताही कळते. गाव त्यांना ‘मालक’ म्हणते. वतन गेले, वाड्याचे माळवद खचले, परंतु परवाना शाबूत आहे. आणि तो दर पाच वर्षांनी नूतन करून घेण्यासाठी नांदेडच्या जिल्हाधिकारी कचेरीत ज्या खेपा घालाव्या लागतात, त्यांतच त्यांच्या पुरुषार्थाचा बराचसा भाग खर्ची पडतो.

बंदूक साधी नव्हे. इतरांकडे बाराबोर असेल, फार तर ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५. मालकांकडे आजोबांनी निजामी अमदानीत घेतलेली विंचेस्टर रायफल आहे, जॉन ब्राउनिंगने रचलेल्या १८९४ च्या नमुन्याची. चापाभोवतीची कडी पुढे लोटली की रिकामे काडतूस उडून पडते आणि मागे आणली की दुसरे नळीत शिरते. ही क्रिया मालक अडकित्त्याने करून दाखवितात, कारण रायफल बहुधा कारागिराकडे असते.

चाप जड आहे तोवर नेम व्यर्थ, हा त्यांचा सिद्धान्त. स्वतः पेचकस लावावा तर १९५९ चा शस्त्र कायदा आडवा येतो. म्हणून परवानाधारक कारागिराकडून त्यांनी घोडा जेथे अडकून राहतो ती खाच घासून गुळगुळीत करवून घेतली, घोड्याची कमान नरम बसविली, पेच बदलून घेतले, माशीवर पितळी मणी चढविला. विलायती शस्त्रांची खाजगी आयात कित्येक वर्षे बंद असल्यामुळे प्रत्येक कमान घडवूनच घ्यावी लागते, आणि ती अस्सल नसल्याचे दुःख त्यांना पुढच्या कमानीपर्यंत पुरते. अखेरीस चाप लोण्यासारखा झाला खरा. पण नरम कमानीचा घोडा काडतुसाच्या टोपीवर इतक्या अदबीने टेकू लागला की बार होईना.

“मालक,” कारागीर म्हणाला, “चाप बी मऊ पायजे अन् बार बी उडाया पायजे, मग कसं जमंल?”

मालकांनी थोडा विचार केला आणि चापाच्या बाजूने कौल दिला.

मला हा निवाडा सर्वस्वी न्याय्य वाटतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरीण वर्ज्य, रानडुकरासाठी वनखात्याचा लेखी हुकूम आवश्यक. तेव्हा शस्त्राचा उपभोग्य असा भाग चापच उरतो. बालाघाटच्या उतारावरील त्यांच्या रानात डुकरे ज्वारी लोळवितात, तेव्हा सालगडी पत्र्याचा डबा बडवून त्यांना पिटाळतो. सकाळी मालक त्याला डुकरे किती पावलांवर होती ते विचारतात, आणि त्यावरून माशी केवढी उंच धरावी याचा हिशेब मांडतात.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. गेल्या खेपेस मालक रायफल गोधडीत गुंडाळून स्वतः घेऊन गेले आणि खाच, कमान, पेच व पितळी मणी यांची नोंद पृथक् व्हावी, अशी त्यांनी तोंडी दरख्वास्त केली. हवालदाराने सगळे शांतपणे ऐकून घेतले, रायफलीवरील अंक पडताळला आणि पावतीवर लिहिले, ‘जुनी रायफल, नग एक.’

मालकांनी पावती परत सरकविली. “हवालदारसाहेब, ते ‘जुनी’ तेवढं खोडा. ‘सुधारित’ लिहा.”