सुरीला मूठ बसवण्याची सोपी कृती

साहित्य : मूठ गेलेली पण पातं शाबूत असलेली सुरी, लाकडाचा वीतभर तुकडा, लाख, विटेची पूड, कानस, पॉलिश पेपर, जवसाचं तेल. घरच्यांची सहनशक्ती लागेल तशी.

1. सुरी मिळवा. स्वयंपाकघरात फडकं गुंडाळून चालवून घेतलेली एखादी असतेच. ‘संध्याकाळपर्यंत देतो’ असं सांगून उचला. वार सांगू नका.

2. लाकूड निवडा. नाशिककराला आधी द्राक्षाचं खोड आठवतं. निफाडकडे जुनी बाग निघाली की खोडं मिळतातही. दिसायला झकास, पण वाळताना पीळ धरतं आणि तडकतं, चुलीत घाला. बाभळीचा गाभा घ्या. कुदळ-कुऱ्हाडीला शेतकरी उगाच बाभळीचा दांडा घालत नाही. धावडा मिळाला तर उत्तमच. लाकूड मात्र पुरतं वाळलेलं हवं. ओल्या लाकडाची मूठ आज घट्ट बसते आणि उन्हाळ्यात खुळखुळते.

3. शिंगाचा मोह आवरा. म्हशीचं चालेल. सांबराचं शिंग जंगलात आपोआप गळून पडलेलं असलं, तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापुढे ‘नैसर्गिक साहित्य’ हा बचाव टिकत नाही.

4. भोक पाडा. पात्याच्या मागच्या निमुळत्या टोकापेक्षा किंचित बारीक. मग तेवढंच टोक लाल करून भोकात दाबा. जळत जळत ते आपली जागा करून घेतं. पात्याला ओलं फडकं गुंडाळायला विसरू नका. पातं तापलं की लोहाराने दिलेलं पाणी उतरतं, आणि राजेशाही मुठीच्या सुरीने टोमॅटोही दबून फुटतो. धूर होईल. शेजारी येतील. त्यातल्या एकाचे आजोबा तलवारी करत असत, असं कळेल.

5. चिकटवा. बाभळीचाच डिंक वापरावा, असा साक्षात्कार होईल. डिंक पाण्यात विरघळतो. त्याचे लाडू करा. लाख आणि विटेची पूड भोकात भरा, टोक पुन्हा तापवून खुपसा आणि गार होईपर्यंत हलवू नका. तलवारींच्या मुठी अशाच बसवत. शेजाऱ्याला हे ठाऊक नसेल. सुरी उकळत्या पाण्यात मात्र कधीच टाकू नका. लाख मऊ पडते.

6. आकार द्या. आधी कानस, मग पॉलिश पेपर. मूठ हातात धरून आरशासमोर उभं राहणं ऐच्छिक.

7. तेल लावा. जवसाचंच, ते हवेत सुकून थर धरतं. शेंगदाण्याचं सुकत नाही, चिकट राहतं आणि खवट होतं. पातळ हात द्या, सुकू द्या, पुन्हा द्या. ‘आज संध्याकाळी का?’ या प्रश्नाला ‘सुकतंय’ एवढंच उत्तर द्या.

8. चाचणी घ्या. सुरी आणि लासलगावचा कांदा आईपुढे ठेवा. त्या दोन फोडी करतील, सुरी खाली ठेवतील आणि म्हणतील, “छान झालीय रे. पण माझ्या मुठीत मावत नाही.”

9. कृती 6 वर परत जा. या वेळी मोजमाप भाजी चिरणाऱ्या हाताचं घ्या. नवशिक्यांनी खरं तर इथूनच सुरुवात करायची असते. पण मग ते कृती वाचत बसले नसते, विचारून मोकळे झाले असते.