पक्ष, साध्य आणि काका

दहावीतल्या पोराची आई साधारण संध्याकाळी साडेसातला हरते. तोवर तिनं बीजगणित कसंबसं निभावलेलं असतं, इतिहास तर भाजी निवडता निवडता घेतलेला असतो. पण एका वहीत ‘चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात, सिद्ध करा’ आणि दुसरीत ‘पुढील कवितेचे रसग्रहण करा’ अशी दोन संकटं एकाच दिवशी आली, की आमच्या प्रतापनगरच्या गल्लीत आवाज घुमतो : “जाय बे, काकांकडे जाऊन बस!”

काका एजी, म्हणजे महालेखापाल ऑफिसातून निवृत्त झाले. नागपुरात ‘एजीत होते’ म्हटलं, की पुढचं सांगावं लागत नाही. माणसानं उभा जन्म दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्यात घालवलेला असतो, आणि पेन्शन सुरू झाली म्हणून ती सवय सुटत नाही. काकांनी घरातल्या किराण्याचं ऑडिट सुरू केलं, तेव्हा काकूंनीच त्यांना पोरांच्या वह्यांकडे वळवलं, असा गल्लीत प्रवाद आहे. काका जुन्या अकरावीचे मॅट्रिक. दहावीची बोर्डाची परीक्षा महाराष्ट्रात १९७५ साली सुरू झाली, तेव्हापासूनच्या साऱ्या पिढ्या त्यांच्या मते एक वर्ष कमी शिजलेल्या आहेत. त्यात मीही आलोच.

फी घेत नाहीत. धोका नेमका इथं आहे. फी घेणारा तासाला उठतो, फुकट शिकवणाऱ्याला कोण उठवणार?

पोरगं येतं तीन गुणांचं उत्तर उतरवून न्यायला. काका त्याला आधी पेन्सिल तासायला बसवतात. मग स्वतःची कंपासपेटी काढतात. झाकणावरचा रंग पार उडालेला, आत एक कोपरा तुटलेला गुण्या, जन्मात कुणी न वापरलेलं कर्कटक आणि स्क्रूला दोरा गुंडाळलेला कंपास. दोरा कशाला? तर कंपास ढिला पडला, की वर्तुळ पुरं होईस्तोवर त्रिज्या बदलून जाते आणि टोकं जुळत नाहीत. काका हे ज्या गांभीर्यानं सांगतात, त्या गांभीर्यानं मी डॉक्टरला बोलतानाही ऐकलेलं नाही. एका पोरानं वेळ वाचावा म्हणून काकूंची बांगडी ठेवून वर्तुळ काढलं, तर काका म्हणाले, “मग केंद्र कुठं आहे, ते आता तुझ्या काकूले विचार.”

आकृती झाली की भूमिती सुरू होते, आणि इथं काका एकदम हळवे होतात. “आता सांग, ही जीवा काहून दुखी दिसून राहिली? केंद्रातून जायले नाही भेटलं म्हणून. व्यास म्हणजे नशीबवान जीवा. आन् ही स्पर्शिका पाहा. वर्तुळाला एकाच जागी भेटते, तेही त्रिज्येशी काटकोन सांभाळून. पाहुण्यांनी असं राहावं.” पोरगं घड्याळाकडे बघत असतं. काका मात्र समरूप त्रिकोणांच्या प्रेमात. आकार तोच, पण एक लहान राहिला, एक मोठा झाला, याचं त्यांना खरोखर वाईट वाटतं.

हळवेपणा आकृतीपुरता. सिद्धता लिहायला घेतली, की आतला ऑडिटर जागा होतो. प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण हवं. “कंसातलं कारण म्हणजे व्हाउचर. व्हाउचर नाही, तर पेमेंट नाही.” कोण समान आहेत म्हणतोस? कशावरून? दिसतात म्हणून? दिसायला तर सरकारी खात्यांतले सगळेच हिशेब बरोबर दिसतात.

निर्देशक भूमितीसाठी त्यांनी अख्खं शहर कामाला लावलं आहे. आरंभबिंदू झीरो माइल. चार घोडे आणि तो खांब जिथं आहेत, तिथं शून्य-शून्य. मग सदर कुठल्या चरणात, रेल्वे स्टेशन कुठल्या, हे पोरांना विचारायचं. आमचं प्रतापनगर नैर्ऋत्येला, म्हणजे तिसऱ्या चरणात, क्ष ऋण आणि य पण ऋण. काकूंचं माहेर महालातलं, म्हणजे चौथं चरण, तिथं निदान क्ष तरी धन. हे काकूंनी एकदा ऐकलं आणि त्यानंतर काही दिवस पोरांना शंकरपाळे मिळाले, काकांना नाही. पण एक खरं, आमच्या गल्लीतलं एकही पोर चरणं चुकत नाही.

कवितेची वही उघडली की हाच माणूस पार कोरडा. पोरीनं गाइडमधून उतरवलेलं असतं : ‘कवीने निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे.’ काकांची हिरवी पेन्सिल ‘मनोहारी’भोवती गोल काढते. वर एकच शब्द : आधार? “कोणत्या ओळीत मन हरलं तुझं? ओळ दाखव.” पोरगी पुस्तक चाळते. ओळ सापडत नाही. “मग हा खर्च नामंजूर.” पुढे काका स्वतःची रीत शिकवतात. पक्ष : कवी एकटा आहे. साध्य : हे एकटेपण त्याला आवडतं. सिद्धता : पहिल्या कडव्यात अमुक शब्द (दिलेले आहे), तिसऱ्यात तोच शब्द पुन्हा, म्हणून इत्यादी. शेवटी ‘हेच सिद्ध करायचे होते’. मराठीच्या बाईंनी त्या उत्तरासमोर नुसतं एक मोठं लाल प्रश्नचिन्ह काढलं होतं. काकांनी ते कौतुक म्हणून घेतलं. माझं विचाराल, तर काकांची रीत गाइडपेक्षा बरी. गुणांचं काय होईल ते होवो, पोरीला कविता पुन्हा वाचावी तर लागली.

काकांचा लाडका कवी अर्थातच सुरेश भट. ‘गझलेची बाराखडी’ लिहून त्यांनी नियम आधीच बांधून दिले, काफिया कुठं, रदीफ कुठं, सगळं तपासता येतं. अशा कवीवर काकांचा जीव. ग्रेसांचं नाव निघालं की मात्र ते चष्मा काढून पुसू लागतात. ग्रेस नागपुरातच राहिले, इथल्या कॉलेजात मराठी शिकवलं, ‘वाऱ्याने हलते रान’ला साहित्य अकादमी मिळाली, हे सगळं काकांना तोंडपाठ. “पण तिथं फाइल बंद करता येत नाही बा,” असं म्हणून ते विषय बदलतात. तरी पुस्तक त्यांच्या उशाशी असतं, हे मला काकूंनी सांगितलं.

एवढा व्याप सोसायचा कोणी? पोट्ट्यांनी त्यावर तोड काढली आहे. काकांना प्रश्न विचारायचाच नाही. उत्तर चुकवून न्यायचं, तेही दुसऱ्याच पायरीला. बाहूंची प्रमाणं लिहिताना शिरोबिंदूंचा क्रम उलटा करायचा आणि निरागस चेहऱ्यानं म्हणायचं, “काका, हे शाळेत सांगितलं.” बस्स. काकांना ती चूक जागेवर बसू देत नाही. वही ओढून घेऊन ते अख्खी सिद्धता कारणांसकट स्वतःच्या हातानं लिहून काढतात, आणि पोट्टे आठच्या आत क्रिकेटला. काकांना हे कळत नसेल, असं मला वाटत नाही. ज्यानं आयुष्यभर खोटी बिलं ओळखली, त्याला एवढं कळेल. पण चूक समोर असताना गप्प बसणं त्यांना जमतच नाही, मग ती मुद्दाम केलेली का असेना.

मोबाइलवर फोटो काढून उत्तर मागवणारीही पोरं आहेत. काकांनी तसं एक उत्तर तपासलं आणि समाधानानं सांगितलं, “यानं पायरी खाल्ली.”

एकदा त्यांना भूमिती आणि कविता एकाच ताटात सापडल्या. भास्कराचार्यांची ‘लीलावती’, ११५० सालची, गणित सगळं श्लोकांत. त्यातलं मोर-सापाचं उदाहरण त्यांनी शेजारच्या पोरीला घातलं. नऊ हात उंच खांब, बुडाशी सापाचं बीळ, वर मोर. खांबाच्या तिप्पट अंतरावर, म्हणजे सत्तावीस हातांवर, साप दिसतो. तो बिळाकडे निघतो, मोर तिरका झेपावतो, दोघांचं अंतर सारखं. तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? पोरीनं पायथागोरस लावला, क्षचा वर्ग दोन्हीकडून उडाला, उत्तर आलं बारा. काकांनी हिरवी खूण केली. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

“पण काका,” पोरगी म्हणाली, “सापाला वर मोर दिसला असन नं? मग तो सरळ बिळाकडेच काहून येऊन राहिला? वळला काहून नाही?”

“वळला तर उदाहरण सुटत नाही.”

“पण साप वाचते नं!”

काका थांबले. उठून कपाटातून ‘लीलावती’ काढली. सापाची इच्छा पक्षात दिली आहे का, ते पाहायला लागले. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, टीपा पाहिल्या. आतून काकू म्हणाल्या, “राहू द्या तो मोर उपाशी. त्या पोट्टीले घरी जाऊ द्या, तिच्या मायनं दोनदा आवाज दिला.”

काकांनी मान वर केली नाही. “दिला असन. आधार?”