समितीचा पाहुणा

कर्नाटकातल्या खानापूरचा माझा मेहुणा परवा मीरा रोडच्या पेणकरपाड्याला आला. महाराष्ट्रात यायचं म्हणून त्याच्या आजोबांनी 1956 पासून घोषणा दिल्या. हा बसनं एका रात्रीत पोचला.

दहिसर चेकनाक्यावर त्यानं रिक्षावाल्याला मराठीत पत्ता सांगितला. उत्तर हिंदीत आलं. पुन्हा मराठी, पुन्हा हिंदी. तिसऱ्या फेरीला शरण गेलो तो मी. "दाजी, तो हिंदी बोलूलालाय म्हणून आपण कशाला?" त्यानं विचारलं. मी मीटरकडे बघत बसलो.

गावठाणात कोलंबी विकणाऱ्या आगरी आजी भेटल्या आणि गडी फुलला. पण आजींची आगरी त्याला कळेना, त्याची खानापुरी आजींना. भाव शेवटी हिंदीतच ठरला.

घराण्याची अब्रू वाचवायला मी सांगितलं, की समिती आमच्याकडेही आहे. तुमची महाराष्ट्र एकीकरण समिती, आमची मराठी एकीकरण समिती. 2025 च्या 8 जुलैला मीरा रोडला मराठीसाठी मोर्चा होता. आधी परवानगी नाकारली, पहाटे धरपकड झाली, तरी मोर्चा निघालाच. राज्याचे मंत्री प्रताप सरनाईक पाठिंबा द्यायला आले, लोकांनी त्यांना घोषणा देत परत पाठवलं.

"आम्हालाबी समितीच्या काळ्या दिनाला, महामेळाव्याला परवानगी नाकारत्यात," तो म्हणाला. "तुमच्याकडं नकाराचा कागद तेवढा मराठीत येत असंल."

त्याची समिती म्हणजे ऐरागैरा पक्ष नव्हे. परक्या राज्यात भाषेच्या जोरावर इतकी दशकं लोकसभेपासून पालिकेपर्यंत निवडणुका लढवायच्या, हे येरागबाळ्याचं काम नाही. 1996 साली बेळगाव लोकसभेला 456 उमेदवार उभे राहिले, बहुतेक समितीचेच. जिंकायचं कुणालाच नव्हतं. माणसं दिसत नसतील तर निदान मतपत्रिका तरी दिल्लीला दिसावी, एवढाच हिशेब. ती दिसली. त्याच निवडणुकीत नलगोंड्यातही 480 जण उभे होते. दिल्लीनं तातडीनं हालचाल केली आणि लोकसभेची अनामत रक्कम 500 रुपयांवरून 10,000 वर नेली. सीमाप्रश्न राहिला तिथंच.

पुढं उमेदवार वाढवायला मोहिमेची गरज उरली नाही, फूट पुरेशी होती. 2013 ला समितीचे दोन आमदार होते. 2018 ला दोन गट झाले आणि आमदार शून्य. मेहुण्याच्या खानापुरात समितीची माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहिली आणि काँग्रेसच्या अंजली निंबाळकर निवडून आल्या. 2023 लाही शून्यच. एकीकरण हा शब्दच इतका गोड, की प्रत्येक गटाला तो आपल्या पाटीवर हवा असतो. (यावर मी फार हसलो नाही. आमच्या आळीत गणपती दोन बसतात.)

त्यातल्या त्यात 2021 ची लोकसभा पोटनिवडणूक मेहुणा अजून रंगवून सांगतो. समितीच्या शुभम शेळकेंनी लाखावर मतं घेतली. भाजपच्या मंगला अंगडी जेमतेम पाच हजारांनी जिंकल्या. महाराष्ट्र मदतीला धावला होता, आणि दोन्ही बाजूंनी धावला होता. संजय राऊत समितीसाठी सभा घेत होते, देवेंद्र फडणवीस भाजपसाठी. पुढच्याच वर्षी, 27 डिसेंबर 2022 ला, महाराष्ट्राच्या विधानसभेनं सीमाभागातली 865 गावं महाराष्ट्रात आणायचा ठराव एकमतानं केला. मतं मागताना दोन बाजू असतात, गावं मागताना एकच.

"मग इथं तुमची समिती निवडणुकीला कोणाला उभं करती?" त्यानं निघता निघता विचारलं. मी म्हटलं, इथं मराठी माणूस सगळ्याच पक्षांत आहे, वेगळा पक्ष कशाला? तो बराच वेळ गप्प होता. एवढे सगळे पक्ष मराठी माणसाचे आणि रिक्षात हिंदी बोलतो तो दाजी, याची सांगड त्याला लागत नसावी.

बसच्या पायरीवर चढताना म्हणाला, "दाजी, 865 मध्ये पेणकरपाडा घालायला सांगतो. 866 हुतील." सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दुरुस्तीला अजून वेळ आहे.