झाडू कुणाच्या हाती

सेनापती बापट पारनेरचे, जन्म 1880 चा. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले, बाँब बनवायची विद्या मिळवून परतले आणि पुढे पारनेरात पहाटे उठून रस्ते झाडू लागले. बाँब एक वेळ समजू शकतो. ब्राह्मणाच्या हातातला झाडू कसा समजायचा?

आपली घरं मात्र आरशासारखी लख्ख. उंबरठ्याबाहेर गेलेला केर कुणाचाच नसतो. तिन्हीसांजेला तो टाकायचा नाही, लक्ष्मी जाते म्हणे. सकाळी टाकला तर फक्त शेजाऱ्याच्या दारात जातो, लक्ष्मी जागच्या जागी.

जपानच्या कामिकात्सू गावात लोक कचऱ्याचे चाळीसहून अधिक प्रकार वेगळे करतात. 2016 च्या नियमांनी आपल्याकडे तीनच मागितले: ओला, सुका आणि घरगुती घातक. तेही जमत नाहीत, कारण आपली वर्गवारी कचऱ्याची नाही, तो उचलणाऱ्याची आहे. आणि ती आपण इतकी चोख केली आहे की कुणी काय उचलायचं, हे त्याच्या जन्माआधीच ठरलेलं असतं. जपान्यांना एवढं कुठलं जमायला!

हवापाण्याचाही परिणाम असावा. जर्मनीत रिकाम्या बाटलीचे 25 सेंट परत मिळावेत म्हणून यंत्रापुढे शहाण्यासारखा उभा राहणारा आपला भाचा सुट्टीत येतो, आणि पारनेरजवळचं टाकळी ढोकेश्वर दिसायच्या आत त्याच्या गाडीची काच खाली झालेली असते.

स्वच्छता अभियानाच्या दिवशी तेवढी पंचाईत होते. सफाई कामगार पहाटेच रस्ता झाडून गेलेले असतात. मग पाहुण्यांच्या फोटोसाठी थोडा पालापाचोळा पसरून ठेवावा लागतो. अर्थात, सुकाच.